बाळंतिणीच्या घरी

मागी लोकांबद्दल माझ्या आजीचं मत फार चांगलं होतं, आणि त्याला धर्माचं कारण नव्हतं. पूर्वेकडून ताऱ्याच्या मागे आलेले ते ज्ञानी लोक घरात शिरले, मरीयेजवळ तिचं मूल पाहिलं, आपल्या थैल्या सोडल्या आणि सोनं, ऊद नि गंधरस तिथे ठेवला. मत्तय सांगतो ते एवढंच. ते तीन जण होते असंही तो म्हणत नाही. वस्तू तीन, म्हणून माणसं तीन, हा हिशेब आपण मागाहून जुळवला. आमचे पाळकसाहेब दर नाताळला या वस्तूंचा अर्थ सांगत: सोनं राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मरण सोसणाऱ्या माणसाला. हा अर्थ फार जुना आहे आणि सुंदरही आहे. आजी चर्चमध्ये पदर सावरून मान डोलवायची. घरी आल्यावर मात्र म्हणायची, "ते खरंच गं. पण घरात बाळंतीण आहे, हे त्या शहाण्या माणसांच्या ध्यानात होतं, ते आधी बघ."

आजी मिशनच्या दवाखान्यात दाई होती. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची कितीतरी पोरं तिच्या हातांत जन्मली. त्यामुळे बेथलेहेमची गोष्ट ती बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून बघायची. गंधरस म्हणजे काय, तर झाडाचा डिंक. अरबस्तानातून आणि पलीकडच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तो येतो, आणि आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात हिराबोळ म्हणून मागितला की पुडीत बांधून देतात. बाळंतिणीच्या औषधांत तो असतोच. ऊद हाही डिंकच. शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकला की खोलीत धूर होतो, मूल न्हाऊन आलं की त्याला त्याची धुरी द्यायची. "म्हणजे दोन वस्तू बाळंतिणीच्या नि एक प्रवासाची," असा आजीचा निकाल होता. कारण पुढची गोष्ट तिला पाठ होती. हेरोद राजा मुलाच्या जिवावर उठला, आणि योसेफ मायलेकरांना घेऊन रातोरात मिसर देशाच्या वाटेला लागला. "सुताराचं घर. हातावर पोट. परमुलखात चार गिऱ्हाइकं जमेपर्यंत खायचं काय? ते सोनं तिथे मोडलं असणार." बायबलमध्ये असं कुठेही लिहिलेलं नाही. पण आजी हे इतक्या ठामपणे सांगायची, की पुष्कळ वर्षं मला ते मत्तयानेच लिहिलं आहे असं वाटत होतं.

पवित्र शास्त्रातली गोष्ट आपल्या अंगणात आणून सांगायची आपल्या भाषेतली रीत काही आजीपासून सुरू झालेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं ते ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्याच नगर-राहुरी भागात राहिले. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, कीर्तनात उभं केलं. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे आणि घरात परक्यांची पोरं आपली होऊन वाढत, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजीला ओवी येत नव्हती, अभंगही रचता येत नव्हता. तिच्याकडे हिराबोळ होता.

पण ती त्या वस्तूंत काय बघत होती, हे मला आता कळतं. भेट देण्याआधी घेणाऱ्याकडे नीट पाहिलेलं असावं, एवढीच तिची कसोटी होती. राजाला भेटायला निघालेल्या माणसांना दारात दिसली ती एक दमलेली बाई. तिच्या कामी येईल असं त्यांच्या थैल्यांतून निघालं, याचा आजीला मनापासून आनंद व्हायचा. आणि पाळकसाहेब म्हणत तेही तिने सोडलं नव्हतं. वधस्तंभावर द्यायला आणलेल्या द्राक्षारसात तोच बोळ कालवला होता, आणि निकदेमाने येशूच्या देहासाठी आणला तो गंधरस नि अगरूच. दाई म्हणून तिने जन्मही बघितले होते आणि मरणंही. एकाच पुडीत दोन्ही असतं, यात तिला नवल वाटत नसे.

आमचं घर नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं, आणि त्यानंतर ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मिशनच्या शाळांत मास्तरकी केली, दवाखान्यांत दाई नि कंपाउंडर म्हणून आयुष्यं काढली, त्यांतलं हे एक. पैसा बेताचा. म्हणून नाताळची तयारी दिवाळी सरली की लगेच सुरू होई, कारण दिवाळीत उरलेले आकाशकंदील तेव्हा निम्म्या भावात निघत. त्यातली एखादी पाच टोकांची चांदणी बाबा घेऊन येत आणि ती माळ्यावर जाऊन बसे. कंपाउंडातल्या सुरूच्या झाडाची फांदी रॉकेलच्या रिकाम्या डब्यात माती भरून रोवली की झालं ख्रिसमसचं झाड. त्यावर कापसाचं बर्फ. आमच्यापैकी कोणीच बर्फ पाहिलेलं नव्हतं, आणि कापूस जुन्या गादीतला असल्यामुळे ते बर्फ जरा पिवळट असे.

भेटवस्तू म्हणाल तर कापडं. एकाच ताग्यातून आम्हा भावंडांचे शर्ट, फ्रॉक आणि उरलेल्या तुकड्याची आत्याच्या बाळाची झबली. चर्चमध्ये आम्ही एका रांगेत बसलो की कुठे एक संपतं नि कुठे दुसरं सुरू होतं ते कळत नसे. पण कापडं सगळ्यांना आधीच माहीत असत, शिंप्याकडे मापं द्यायला आम्हीच गेलेलो असायचो. खरी मजा दुसऱ्या भेटींची. खाऊचे पैसे साठवून एकमेकांसाठी घेतलेल्या, कणगीच्या मागे, पेटीच्या तळाशी, बाबांच्या पावसाळी बुटांत लपवलेल्या. बाबांना रुमाल किंवा दौत, आईला अंबाड्याची जाळी, दादाला भोवरा, आजीला तपकिरीची डबी. आजी तपकीर ओढायची हे पाळकसाहेबांना माहीत नाही, अशी तिची समजूत होती.

या वस्तू गुंडाळायला कागद म्हणजे सरत्या वर्षाचं कॅलेंडर. डिसेंबर भिंतीवर हवा असे, बाकीचे महिने मोकळे. त्यामुळे कोणाला मार्च मिळे, कोणाला ऑगस्ट. प्रत्येक पानावर आईच्या अक्षरात दुधाचे खाडे लिहिलेले. दादाचा भोवरा एका वर्षी जूनमध्ये आला, आणि भोवऱ्याआधी त्याने वाचलं ते 'दहा ते बारा दूध नाही'. आईने ते पान लगेच मागून घेतलं. गवळ्याशी तिचा वाद अजून मिटलेला नव्हता.

हिशेबाची दुसरी वही कपाटात असे, ती आहेराची. मराठी घरात ती असतेच, मग घर कोणत्याही धर्माचं असो. कोणाच्या लग्नात कोणी काय दिलं: पाच रुपये, स्टीलचा डबा, खण, पितळी तांब्या. त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडायची आणि त्या मानाने परत द्यायचं. वहीला मी हसत नाही. ती फार शहाणपणाची गोष्ट आहे. ज्यांच्याकडे रोख पैसा नाही अशा माणसांनी एकमेकांची कार्यं त्या वहीच्या जिवावर पार पाडली, आणि कमी दिलं म्हणून भांडणं झाली तरी गाव उघडं पडलं नाही. पण आजीचा नियम होता, नाताळची भेट वहीत जायची नाही. आत्याच्या यजमानांनी एकदा सगळ्या घराला उंची कापडं पाठवली, तेव्हा आई सवयीने पेन्सिल घेऊन बसली होती. आजीने वही मिटून कपाटात टाकली. "देवानं दिलं ते कुठे लिहून ठेवलंयस?" एवढंच म्हणाली.

ख्रिस्ती भाषेत याला कृपा म्हणतात. कमावलेली नाही, फेडायची सोय नाही, मागितली होती असंही नाही. उपदेशात हा शब्द इतक्या वेळा येतो की तो कानावरून नुसता घरंगळत जातो. माझ्यापुरता तो त्या मिटलेल्या वहीत राहिला.

सांताक्लॉज आमच्याकडे येई तो संडे स्कूलच्या कार्यक्रमात, दाढीला पुन्हा तोच गादीचा कापूस. चपला मात्र कंपाउंडरकाकांच्या. सगळ्या मुलांना ते माहीत असे, आणि कोणीही बोलत नसे, कारण बोललं तर शेंगदाण्याची चिक्की नि पेन्सिल असलेली पिशवी हुकायची धास्ती. आता मॉलच्या दारात उभा असतो तो सांता बघितला की मला त्याच्या मूळ माणसाची आठवण येते. चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप निकोलस. आज तो भाग तुर्कस्तानात येतो. त्याची म्हणून सांगितली जाते ती कथा आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. एका बापाला तीन मुली, आणि हुंड्याला पैसा नाही. मुली विकायची पाळी आली. निकोलसने रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. मोठीचं लग्न झालं. मग पुन्हा एक थैली, मग तिसरी. तिसऱ्या वेळी बाप जागत बसला होता, त्याने धावत जाऊन दात्याला गाठलं, तेव्हा निकोलसने त्याच्याकडून वचन घेतलं की हे कोणाला सांगायचं नाही.

ही दंतकथा आहे हे मला माहीत आहे. तरी ती मला लाल कोटापेक्षा जवळची वाटते. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये ही ख्रिस्ताची शिकवण. खिडकीतून टाकलेल्या थैलीवर नाव नसतं, म्हणून ती परत करता येत नाही, आणि त्या मुलींना आयुष्यभर कोणाच्या उपकाराखाली मान खाली घालून जगावं लागत नाही. आईबापांनी आपलं नाव झाकून सांताच्या नावावर मुलांच्या उशाशी वस्तू ठेवायची, या खेळात तेवढी एक गोष्ट शिल्लक राहिली आहे, आणि ती पुष्कळ आहे. मॉलमधल्या सांताबरोबर फोटोचे पैसे पडतात. त्याबद्दल काय बोलायचं.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. नगर जिल्ह्यातल्या माझ्या वयाच्या कोणालाही त्याचं वर्णन सांगायची गरज नाही. विहिरींचे तळ दिसत होते. दुष्काळी कामांवर बाया-माणसं खडी फोडत होती. रेशनवर लाल मिलो, जिच्या भाकरी थापताना चिरत, मुलांना सुकडी. त्या नाताळला ताग्याचा प्रश्नच नव्हता. चर्चमध्ये अर्पणाच्या थाळीत नाण्यांबरोबर कोणी ओंजळभर मिलो टाकली होती.

आजीने आपली जुनी लुगडी फाडून गोधड्या शिवल्या. आम्हा प्रत्येकाला एकेक गोधडी, तिला हिरवट-जांभळी किनार. आणि बाबांनी आईला पाणी दिलं. सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी घागरी बांधून ते कुठल्याशा मळ्यातल्या विहिरीवरून चोवीस तारखेच्या दुपारी पाणी घेऊन आले. प्यायचं पाणी त्यांनी सकाळीच भरलं होतं. हे वेगळं होतं. घागरी मोरीत ठेवून ते म्हणाले, "केस धू." बस. आईचे केस कमरेच्या खाली होते आणि कित्येक दिवस ती नुसतं ओलं फडकं फिरवून तेल लावत होती. तिने शिकेकाई उकळली. मोरीत खाली घमेलं ठेवलं, त्यात साठलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात गेलं. संध्याकाळी ती केस मोकळे सोडून ओट्यावर बसली होती, आणि बाबा तिच्याकडे न बघता चांदणीची दोरी बांधत होते. दोरी बांधायला एवढा वेळ लागत नाही.

चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक वाक्य नाही, हे मला पुढे कोणीतरी दाखवून दिलं. तो स्वप्नं बघतो, उठतो, सांगितलेलं करतो. मला लगेच तो माणूस ओळखीचा वाटला.

त्याच वर्षी बाबांनी घरच्या प्रार्थनेत लूकमधला तो भाग वाचला. मूल झाल्यावर चाळीस दिवसांनी मरीया नि योसेफ त्याला यरुशलेमच्या मंदिरात घेऊन जातात. नियमशास्त्राप्रमाणे बाळंतिणीने शुद्धीकरणासाठी एक कोकरू आणायचं. ऐपत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतात. लूक फक्त पाखरांचा उल्लेख करतो. म्हणजे कोकराची ऐपत नव्हती. मी विचारलं, सोनं आलं होतं ना मग? आजी म्हणाली, "मागी नंतर पोचले असणार. एवढ्या लांबून यायचं म्हणजे." मोठमोठ्या टीकाकारांचंही साधारण हेच म्हणणं आहे, हे मला कळलं तेव्हा आजी राहिली नव्हती. दोन पाखरं देऊन परतणाऱ्या त्या जोडप्याला मंदिरात कोणी कमी लेखलं असं लूक लिहीत नाही. उलट म्हाताऱ्या शिमोनाने मूल हातात घेतलं आणि त्याला आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

देणं अवघड असतं असं लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. आपल्या माणसांना देणं सोपं जातं, घेताना जीभ अडखळते. कोणी काही हातात ठेवलं की मराठी माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "कशाला आणलंत?" दुसरं, "उगाच खर्च केलात." मग ती वस्तू न उघडता टेबलावर ठेवायची, पाहुणे गेल्यावर उघडायची. हावरटपणा दिसू नये म्हणून ही रीत पडली असावी. पण देणाऱ्याने आठवडाभर जो क्षण मनात रंगवलेला असतो, नेमका तोच आपण त्याच्यापासून काढून घेतो.

पेत्राने हेच केलं. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसला, आणि पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. आपण सगळे त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, थोडं जास्तच आग्रहाने. येशूने ते चालू दिलं नाही. धुवू दिले नाहीस तर तुझा माझ्याशी वाटा नाही, असा त्याच्या उत्तराचा रोख होता. घेता आलं पाहिजे, याहून स्पष्ट कसं सांगणार?

देवाने जगाला आपला पुत्र दिला, हे नाताळच्या प्रत्येक उपदेशात येतं, यायलाच हवं. पण मला त्याच्यापुढची गोष्ट जास्त खोल वाटते. तो तान्हं मूल होऊन आला. तान्ह्या मुलाला काही देता येत नाही. त्याला दूध घ्यावं लागतं, बाळंतं घ्यावं लागतं, दुसऱ्याच्या जनावरांची गव्हाण घ्यावी लागते, अनोळखी परदेशी माणसांनी आणलेला हिराबोळ घ्यावा लागतो. तान्ह्या मुलाला 'कशाला आणलंत' म्हणता येत नाही. ज्याने सगळं दिलं त्याने आधी आपल्या हातून घेतलं. आणि पुढेही, भुकेल्याला जेवू घातलंत ते मला घातलंत, असं सांगून तो घेतच राहिला. नाताळला घरातल्या घरात आपण जो एकमेकांना रुमाल नि दौत देण्याचा पोरखेळ करतो, त्याचं मूळ तिथे आहे असं मी मानते.

बाबा गेले ते ऑक्टोबरात. ज्या घरात दुःख झालं त्या घरात त्या वर्षी तळणीची कढई चढत नाही. दिवाळीला जी रीत, तीच आमच्याकडे नाताळला. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही असंच असतं, तिथे शेजारी एरवीही नाताळच्या गोडाची तबकं एकमेकांकडे धाडतातच, दुःखाच्या घरी ती आठवणीने जातात. आमच्या शेजारच्या काकूंचं घर ब्राह्मणाचं. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून आमच्याकडे आणि नाताळचा आमच्याकडून त्यांच्याकडे, हे आमच्या जन्माआधीपासूनचं. त्या डिसेंबरात त्यांनी दुसऱ्यांदा फराळ केला. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसेसुद्धा. पंचवीस तारखेला सकाळी आम्ही उपासनेहून आलो तर दारात डबे घेऊन उभ्या. आई "कशाला" म्हणाली नाही. डबा उघडून तिने उभ्याउभ्या एक करंजी मोडली, अर्धी त्यांना दिली नि अर्धी खाल्ली.

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्याकडे मुलींना परकर नेसायच्या वयात शिकवतात. जानेवारीत आईने ते डबे घासूनपुसून परत दिले ते रिकामे. साखर घरात होती. तिने घातली नाही. काकूंनीही झाकण उघडून बघितलं नाही. त्या दोघींना जे कळलं होतं ते सांगायला पाळकसाहेबांना तीन उपदेश लागले असते.

आता आम्ही भावंडं पांगलो. दादा पिंपरीला, धाकटी नाशिकला, भाची मेलबर्नला. तिच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. नोव्हेंबर संपला की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी फिरते: कोणाला काय हवं, कोणत्या मापाचं, आणि खाली दुकानाची लिंक. खोकं थेट त्यांच्या दारात जातं. सोय आहे हे खरं, आणि मेलबर्नला करंज्या पाठवून बघितल्यावर सोयीची किंमत कळते. तरी यादी मला पटत नाही. यादीतली वस्तू मिळाली की मागणी पुरी होते. त्यात कोणी माझा विचार करत बसलेलं नसतं. ऑफिसातल्या सीक्रेट सांताबद्दल मुलं सांगतात, त्यात तर पाचशे रुपयांची मर्यादा आधीच ठरलेली, म्हणजे आहेराची वही पुन्हा आली, फक्त आधी लिहिलेली.

अंदाज चुकला तरी चालेल, तो करावा. दादाच्या नातवाने यादी झुगारून मला बुद्धिबळाचा पट दिला. मला घोडा कसा चालतो तेही माहीत नव्हतं. सगळे हसले. पोरगा मात्र गंभीर होता. त्याला माझ्याशी खेळायचं होतं, आणि घरात बाकी कोणाला वेळ नव्हता. आता तो आला की पट मांडला जातो. तो मला हरवतो आणि मी हरले की मला सांगतो, आजी, तू घाई करतेस. माझ्या हातात इतकी वर्षं आलेल्या साड्यांपैकी एकीनेही माझ्याशी एवढं बोलणं केलेलं नाही.

भाव, वस्तू, कागद यांबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. चांगलं आणा, स्वस्त आणा, कॅलेंडरात गुंडाळा. माणसाकडे बघून आणा म्हणजे झालं. पंचवीस तारखेला उपासना दहाच्या सुमारास सुटते, त्यानंतर आमचं दार संध्याकाळपर्यंत उघडं असतं. फराळ भरपूर असेल, चकल्या यंदा धाकटीच्या हातच्या आहेत, तेव्हा दात सांभाळा. रिकाम्या हाताने आलात तर उत्तम. काही घेऊन आलात तर तेही द्या. मी ते तुमच्यासमोर उघडीन, आणि कशाला आणलंत, असं म्हणणार नाही.